लिहावेंसें कां वाटतें?

गेल्या पंधरवड्यांत आमच्याकडे एक पत्र आलें. पत्र म्हणजे शाळेच्या वहींतून फाडलेलीं तीन पानें, आणि तींही सुताराच्या चपट्या पेन्सिलीनें लिहिलेलीं. लिहिणारे एका लहानशा गांवचे मेस्त्री आहेत. एका ठेकेदारानें त्यांच्याकडून शाळेचीं बाकें करवून घेतलीं. मजुरी ठरली ती तोंडी. अर्धी हातीं पडली, उरलेली मागावयास गेले तेव्हां ठेकेदार हंसून म्हणाला, "एवढा हक्क सांगतां, तर कागद दाखवा." कागद कोठला असणार? मेस्त्री मुकाट्यानें घरीं आले. त्या रात्रीं त्यांनीं लेकीची वही ओढून घेतली आणि किती बाकें, किती फूट लांकूड, किती दिवस, कोण हाताखालीं होतें, हें सारें लिहून काढलें. शेवटीं लिहितात, "हें छापूं नये. आम्ही अडाणी माणसें, शुद्ध लिहितां येत नाहीं. पण लिहिल्याशिवाय झोंप येईना."

मेस्त्रींचें सांगणें आम्हीं पाळलें आहे. पत्र छापलें नाहीं. वर जें सांगितलें तेवढें सांगण्यास त्यांची संमति विचारून घेतली आहे. पण त्या शेवटच्या वाक्यानें आम्हांस विचारांत पाडलें. दिवसभर रंधा ओढून ज्याचे खांदे भरून आले आहेत, त्यानें रात्रीं निजावयाचें सोडून पेन्सिल कां हातीं घ्यावी? माणसाला लिहावेंसें कां वाटतें?

हा प्रश्न विद्वानांनीं पूर्वींच सोडवून ठेवला आहे. मम्मट नांवाचा काश्मिरी पंडित अकराव्या शतकांत होऊन गेला. त्यानें काव्याचीं सहा प्रयोजनें सांगितलीं: कीर्ति, द्रव्य, व्यवहाराचें ज्ञान, अमंगळाचा नाश, तात्काळ मिळणारा आनंद आणि प्रिय पत्नीनें करावा तसा गोड उपदेश. यादी चांगली आहे. राजाच्या पदरीं राहून, दोन वेळच्या भाकरीची भ्रांत नसतां, जे लिहितात त्यांना ती पुरेशी आहे. पण आमच्या मेस्त्रींना यांपैकीं कोणतें प्रयोजन लावावें? कीर्तीचें म्हणावें, तर ते म्हणतात छापूं नका. द्रव्याचें म्हणावें, तर उलट टपालाचे पैसे पदरचे गेले. गोड उपदेशाचा तर प्रश्नच नाहीं. तेव्हां आमच्या लोकांच्या लिहिण्याला या सहांहून निराळें असें एक सातवें प्रयोजन आहे, आणि त्याचाच शोध आज घ्यावयाचा आहे.

तो शोध घेण्यास दूर जावयास नको. आपल्याच घराच्या आढ्याला खोंचलेल्या जुन्या कागदांपाशीं जावें. कुणब्याच्या घरीं कागद येत असे तो नेहमीं दुसऱ्यानें लिहिलेला. कर्जरोखा सावकारानें लिहावयाचा, वहिवाट कुलकर्ण्यानें लिहावयाची, हुकूम कचेरीनें लिहावयाचा, आणि आमच्या आजोबांनीं तेवढा खालीं आंगठा उठवावयाचा. शेत आमचें, घाम आमचा, पण त्याचा हिशेब दुसऱ्याच्या हातचा. ज्याच्या हातीं लेखणी, त्याच्या बांधाला चार हात जमीन आपोआप वाढे! अशा लोकांना अक्षराविषयीं प्रेम वाटावें तरी कशानें? त्यांस अक्षराची भीतीच वाटे. आणि भीति वाटते त्या वस्तूचा पहिला उपाय माणसास सुचतो तो म्हणजे ती नाहींशी करणें.

तसेंच झालें. अमेरिकेंत १८६१ ते १८६५ पर्यंत यादवी युद्ध चाललें, त्यामुळें इकडे कापसाला सोन्याचा भाव आला आणि सावकारांनीं हात सैल सोडून कर्ज दिलें. युद्ध संपलें, भाव कोसळले. तशांत सरकारनें फेरपाहणी करून सारा वाढविला. कर्ज मात्र व्याजावर व्याज घेत वाढतच राहिलें. शेवटीं ता. १२ मे १८७५ रोजीं पुणें जिल्ह्यांतील सुपें येथें बाजारच्या दिवशीं शेतकरी उठले. ते उठले ते कशावर, हें ध्यानांत घेण्याजोगें आहे. त्यांनीं मागितले ते कागद. रोखे, हुकूमनामे, चोपड्या बाहेर काढून त्यांची होळी केली. जेथें सावकारानें कागद मुकाट्यानें हवालीं केले, तेथें त्याला बहुधा कोणी बोट लावलें नाहीं. पुणें व अहमदनगर या जिल्ह्यांत गांवोगांव हेंच घडलें. ज्यांना तो कागद वाचतां येत नव्हता, त्यांनीं तो जाळला.

सरकारनें चौकशीसाठीं कमिशन नेमलें आणि १८७९ सालीं दख्खनच्या शेतकऱ्यांचा कायदा झाला. त्यांत शेतकऱ्यानें करून द्यावयाचे दस्तऐवज गांवच्या रजिस्ट्रारासमोर व्हावे, पैसे फेडल्याची पावती मागतां यावी, वर्षाचा हिशेब मागतां यावा, अशीं कलमें घालण्यांत आलीं. म्हणजे एवढ्या जाळपोळीनंतर राज्यकर्त्यांसही कबूल करावें लागलें कीं, शेतकऱ्याला नुसती दया उपयोगाची नाहीं, त्याच्या हातांत त्याचा स्वतःचा कागद पाहिजे.

परंतु जाळण्यानें जुना कागद जातो, नवा येत नाहीं. तो लिहावाच लागतो. सुप्याच्या होळीला दोन वर्षें झालीं न झालीं तोंच, १८७७ च्या आरंभीं पुण्यास कृष्णराव भालेकरांनीं 'दीनबंधु' पत्र काढलें. आणि आठ वर्षांनीं, १८८३ सालीं, जोतीराव फुल्यांनीं 'शेतकऱ्याचा असूड' लिहून पुरा केला. आमच्या मतें या तिन्ही गोष्टी एकाच दोऱ्यांत ओंवलेल्या आहेत. आधीं दुसऱ्यानें लिहिलेला आपला खोटा हिशेब असह्य झाला. मग आपला खरा हिशेब आपण मांडावा ही बुद्धि झाली. हेंच तें सातवें प्रयोजन. आपल्या जिण्याची साक्ष दुसऱ्यानें द्यावी आणि ती खोटी द्यावी, हें सहन होईनासें झालें म्हणजे माणूस लेखणी धरतो.

जोतीरावांनीं हें स्पष्टच सांगितलें आहे. १८८५ सालीं न्यायमूर्ति रानडे यांनीं पुण्याच्या मराठी ग्रंथकार सभेस त्यांना बोलाविलें असतां ते गेले नाहींत. त्यांच्या उत्तराचा मतलब असा कीं, जे सर्व माणसांचे हक्क मोकळ्या मनानें कबूल करीत नाहींत त्यांच्या ग्रंथांशीं आमच्या ग्रंथांचा मेळ बसणार नाहीं; आमचें दुःख त्यांस दिसत नाहीं, तेव्हां आमचा विचार आम्हांसच केला पाहिजे. तें पत्र 'ज्ञानोदया'त छापून आलें. कोणी याला हट्ट म्हणोत. आम्ही त्यास आपल्या घरचा हिशेब आपण लिहिण्याचा निश्चय म्हणतों. आणि हा निश्चय किती खोल होता हें पाहावयाचें असेल तर १८८८ सालाकडे पाहावें. त्या वर्षीं पक्षाघातानें त्यांचा उजवा हात गेला. साठीला टेकलेल्या माणसानें यावर लिहिणें सोडलें असतें तर कोणी दोष दिला नसता. जोतीरावांनीं डाव्या हातानें लिहावयास घेतलें आणि 'सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक' पुरें केलें. तें छापून निघालें १८९१ सालीं. जोतीराव त्याच्या आदल्याच वर्षीं वारले होते. छापील प्रत त्यांनीं पाहिली नाहीं. कीर्तीसाठीं कोणी डाव्या हातानें लिहीत नसतो.

कोणी म्हणेल, हीं थोरांचीं उदाहरणें झालीं. तर मग लहानांचीं घ्या. १८५५ सालीं 'ज्ञानोदया'च्या दोन अंकांत एक निबंध आला. लिहिणारी मुक्ता, मांगाची मुलगी. वय चवदा वर्षें. शिक्षण जोतीरावांच्या शाळेंत झालेलें तीन वर्षांचें. तिनें मांगमहारांचें दुःख लिहिलें. आपल्या बायका बाळंत होतात तेव्हां त्यांच्या डोक्यावर छप्परसुद्धां नसतें, थंडीवाऱ्यांत, पावसांत त्या कशा सोसत असतील, हें तिनें विचारलें. सांगा, त्या काळच्या कोणत्या पंडिताच्या ग्रंथांत ही गोष्ट होती? लिहितांवाचतां येणारीं माणसें तेव्हांही पुष्कळ होतीं. पण ज्याचें जळतें त्यालाच कळतें. मुक्तेनें लिहिलें नसतें तर तें दुःख होतें याचा पुरावासुद्धां राहिला नसता.

दुसरें उदाहरण ताराबाई शिंदे यांचें. त्या बुलढाण्याच्या. १८८१ सालीं सुरतेस विजयालक्ष्मी नांवाच्या एका विधवा ब्राह्मण मुलीवर बालहत्येचा खटला झाला. फांशीची शिक्षा झाली, ती पुढें अपिलांत काळ्या पाण्याची करण्यांत आली. त्यावरून वर्तमानपत्रांनीं सगळ्या स्त्रीजातीला शिव्या मोजण्याची संधि साधली. शिक्षा एकीला आणि झोडपणी सगळ्यांना! पुरुषाच्या वांट्याला त्यांतलें अक्षरही नाहीं. ताराबाईंनीं १८८२ सालीं 'स्त्रीपुरुषतुलना' लिहून याचा जबाब दिला. ज्या मुलीसाठीं त्यांचें रक्त तापलें ती त्यांच्या जातीची नव्हती, हें आमच्यांतील कित्येकांनीं मुद्दाम लक्षांत ठेवावें. मनांत जळतें तें केवळ स्वतःच्या अंगणांतलेंच असतें असें नाहीं.

पण ताराबाईंची गोष्ट येथें संपत नाहीं, आणि पुढचा भाग आपल्याला बोलण्यास जड जाणारा आहे. त्या एका पुस्तकानंतर त्यांचें दुसरें पुस्तक नाहीं. जोतीरावांनीं १८८५ च्या 'सत्सारां'त त्यांचा कैवार घेतला. बाकी सगळीकडे शांत. पुढें तें पुस्तक इतकें विसरलें गेलें कीं, १९७५ सालीं स. गं. मालशे यांनीं तें शोधून पुन्हां छापलें तेव्हां लोकांस तें नवें वाटलें. एवढ्या धारेची लेखणी पुन्हां चाललेली आढळत नाहीं, याचा विचार केला पाहिजे. मनांतल्या जाळानें माणूस पहिलें पान लिहितो. दुसरें पान लिहिण्यास मात्र कोणी तरी पहिलें वाचलें पाहिजे. भिंतीशीं बोलत कोण किती दिवस बसेल?

या बाबतींत दोष नेहमीं परक्यांचाच असतो असें म्हणून सुटतां येणार नाहीं. 'शेतकऱ्याचा असूड' प्रथम 'दीनबंधू'तच छापावयास घेतला होता. १८८० पासून तें पत्र मुंबईस नारायण मेघाजी लोखंडे चालवीत होते. त्यांनीं दोन भाग छापले आणि पुढचे थांबविले. लोखंड्यांची योग्यता मोठी; गिरणींतल्या मजुरांना रविवारची सुटी मिळाली ती त्यांच्या खटपटीनें, हें कोण विसरेल? तरी एवढ्या माणसाच्या हातूनही हें झालें. जोतीरावांना तें लागलें. पण ते असूड घेऊन लोकांतच गेले. जुन्नर, ओतूर, हडपसर अशा गांवीं त्यांनीं तो वाचून दाखविला. संपादकानें दार लावलें तेव्हां शेतकऱ्यानें आपला कान दिला, म्हणून पुस्तक पुरें झालें. हा धडा आम्हीं संपादकांनीं आपल्या मेजावर लिहून ठेवावा असा आहे.

उलट उदाहरणही आमच्याच घरचें आहे. तेव्हांच्या अहमदनगर, आतांच्या अहिल्यानगर जिल्ह्यांत नेवासें तालुक्यांत तरवडी म्हणून खेडें आहे. तेथून मुकुंदराव पाटलांनीं 'दीनमित्र' चालविला. १९१० सालीं जवळच्या सोमठाण्यास तो निघाला आणि १९६७ पर्यंत चालला, सत्तावन वर्षें! पुण्यामुंबईच्या वाऱ्यालाही न जातां एक पाटील खेड्यांत छापखाना घालतो, आणि कुलकर्ण्याची लेखणी गांवाला कशी नाडते तें 'कुलकर्णी लीलामृत' लिहून त्याच खेडुतांच्या भाषेंत सांगतो. मुकुंदराव हे जन्मानें कृष्णराव भालेकरांचे चिरंजीव. बापानें 'दीनबंधू'च्या पायीं काय सोसलें तें ठाऊक असूनही मुलानें तोच धंदा पत्करला. त्यांत लाभ नव्हता. पण वाचणारा समोरच्या पारावर बसलेला होता, आणि तो अंकाची वाट पाहत होता. लिहिणाऱ्याला याहून मोठा मुशारा नाहीं.

ज्यांना लिहितां येत नाहीं त्यांचें काय, असेंही कोणी विचारील. त्यांना तर लिहून घेणारा पाहिजे. तुकोबांचे अभंग लिहून ठेवणारे संताजी जगनाडे हे जातीचे तेली. घाण्याच्या तेलानें माखलेल्या हातांनीं त्यांनीं वह्या राखल्या. तुकोबांनीं स्वतः आपल्या घरचीं येणें असलेलीं कर्जखतें इंद्रायणींत सोडलीं आणि पुढें दुसऱ्यांनीं त्यांचे अभंग त्याच इंद्रायणींत बुडविण्यास लावले, असें परंपरा सांगते. गरिबांना बांधणारा कागद तुकोबांनीं बुडविला, आणि गरिबांना सोडविणारा कागद बुडवूं म्हणणारे निघाले! अलीकडच्या काळांत खानदेशांतल्या बहिणाबाई चौधरींना अक्षर ठाऊक नव्हतें. जात्यावर, शेतांत त्यांच्या तोंडीं येई तें मुलानें, सोपानदेवांनीं, टिपून ठेवलें; १९५१ सालीं त्या वारल्या आणि १९५२ सालीं पुस्तक निघालें. वही करणारा मुलगा नसता तर तें सगळें पिठाबरोबर उडून गेलें असतें. अशा किती बहिणाबाई गेल्या असतील, हें त्यांच्या जात्यांनाच ठाऊक.

आणि फलटणच्या बेबीताई कांबळे. लहानसें किराणा दुकान चालवीत. पुड्या बांधण्यासाठीं आलेल्या रद्दींतलें जें सांपडेल तें वाचीत. त्यांतूनच लिहिण्याची हिंमत आली. लिहिलेलें मात्र घरच्यांपासून कित्येक वर्षें लपवून ठेवावें लागलें. तें पुढें 'जिणं आमुचं' या नांवानें प्रसिद्ध झालें, आणि महारवाड्यांतल्या बाईनें काय सोसलें याची साक्ष जगापुढें आली. घरांतली बाई वही लपवून ठेवते, हा त्या बाईचा दोष नव्हे. तो घराचा दोष आहे.

आतां आजचें पाहूं. कुलकर्णी वतन शाहू छत्रपतींनीं आपल्या संस्थानांत १९१८ सालींच मोडलें. मुंबई इलाख्यांत तें १९५१ सालीं गेलें. आज खेड्यांतलीं बहुतेक मुलें शाळेंत जातात, आंगठ्याच्या जागीं सही आली, सातबारा आपल्याच खिशांतल्या यंत्रावर पाहतां येतो. तरीही मेस्त्री आम्हांस लिहितात, "आम्ही अडाणी." वतन गेलें, पण वतनदारानें आमच्या मनांत जें बसविलें तें तेवढें उरलें! लिहिणें हें कोणा दुसऱ्याचें काम, आपण सांगावयाचें आणि त्यानें लिहावयाचें, ही समजूत अजून आढ्यालाच खोंचलेली आहे.

लिहून पोट भरतें काय, असें पुष्कळ जण विचारतात. नाहीं भरत. पण न लिहिल्यानें पोटावर पाय कसा येतो, हें मेस्त्रींच्या अर्ध्या मजुरीनें दाखविलेंच आहे. शुद्ध येत नाहीं, हें दुसरें रडगाणें. ऱ्हस्वदीर्घाची चूक दुरुस्त करावयास आम्ही बसलों आहों. तुमचें दुःख तुमच्या वतीनें कल्पून लिहावयास मात्र आम्हांस येणार नाहीं. तिसरें भय गांवकीचें. लिहिलें तर वैर येईल. हें भय खोटें नाहीं, म्हणून आम्ही त्याची थट्टा करीत नाहीं. यासाठींच प्रथम घरच्या वहींत लिहावें. छापणें न छापणें हें मागाहून पाहतां येतें. लिहिलेलें असलें तर तें पाहतां येतें.

रडल्याशिवाय आईसुद्धां दूध पाजीत नाहीं, असें आपण म्हणतों. पण आम्ही नुसतें रडावयास सांगत नाहीं. तारीख घाला, माप घाला, भाव घाला, कोण हजर होतें तें घाला. कुंभारानें भट्टी केव्हां लाविली आणि किती मडकीं फुटलीं तें लिहावें. शेतकऱ्यानें बियाणें कोठून आणलें, काय भावानें आणलें आणि उगवलें किती तें लिहावें. बायांनीं खुरपणीची मजुरी पुरुषांच्या मानानें किती कमी मिळते तें लिहावें. आजीला अक्षर येत नसेल तर नातीनें शेजारीं बसून तिचें बोलणें टिपावें. घरांत एक वही असावी आणि ती कोणापासून लपवावी लागूं नये. देव्हाऱ्यांत जागा असेल तर तेथें ठेवा, नसेल तर कणगीवर ठेवा, पण ठेवा.

मेस्त्री, तुमचीं तीन पानें जशींच्या तशीं परत पाठविलीं आहेत. तीं जपून ठेवा. बाकांची संख्या, दिवस, हाताखालच्या माणसांचीं नांवें, हें सारें ताज्या आठवणीनें लिहिलेलें आहे; मजुरीचा दावा मांडतांना तें उपयोगीं पडेल, आणि जाणत्या वकिलास दाखविण्याची व्यवस्था आम्ही करूं. लेकीची वही तुम्हीं फाडली, म्हणून बरोबर एक कोरी वहीही धाडली आहे. ती लेकीला द्यावी. पण पहिल्या पानावर पुढच्या कामाचा करार तुम्हीं लिहावा आणि काम सांगणाऱ्याची सही घेतल्याशिवाय रंध्याला हात लावूं नये.